उतरायचं कुठं?

रहिमतपूरच्या आमच्या मुलींच्या शाळेत कुणी मुंबईला निघालं की सगळे विचारत, "कशाला?" मुलाणी बाई एकट्याच विचारत, "उतरणार कुठं?"

एकदा मुख्याध्यापकांना डोळे दाखवायला मुंबईला जायचं होतं. ते मोठ्या खुशीत म्हणाले, "आमचा भाचा आहे ना गिरगावात! हक्काची जागा."

बाई कोपऱ्यात बसून एका झबल्याला टाके घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाच्याच्या बायकोला विचारलंय का, सर?"

"तिला काय विचारायचं?"

"हक्क तुमचा भाच्यावर. अंथरूण ती घालणार."

सर मुंबईला गेले. मुंबईहून परतले ते नवा चष्मा लावून. कुठं उतरले होते हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, पण बाईंसाठी माहीमचा हलवा मात्र आठवणीनं आणला. काय ते आम्ही समजलो.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन रहिमतपूरला आले आणि त्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायला लागले, तेव्हा हमीदा मुलाणी तिथं शिवण शिकवत होत्या. सहज बघितलं तरी डोळ्यांत भरावी अशी उंची, हाडापेरानं मजबूत, सुती साडी, डोक्यावरून घट्ट पदर. गळ्यात मापाची टेप. ती काढायचं त्यांना भान नसे. तशाच बाजारात जात, तशाच लग्नाला जात, आणि कुणी दाखवून दिलं की म्हणत, "असू दे, कुणाचं तरी माप घ्यावंच लागतं." तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय होती, त्यामुळे शिवणाच्या तासाला मुलींना अर्धं बोलणं समजे आणि अर्धं अंदाजानं घ्यावं लागे. नवरा तरुणपणीच गेलेला. मशिदीमागच्या आळीत म्हाताऱ्या सासूबरोबर राहत. सासू-सुनेचं भांडण आळीत प्रसिद्ध होतं, आणि दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही हेही.

परक्या जागी मुक्काम करायचा म्हणजे बाईंची एक रीत होती. आत गेल्या की आधी दाराची कडी बघायच्या. मग नळ कुठं आणि मोरीला दार आहे का ते. मग त्या जागेचा जो कोण मालक किंवा मॅनेजर असेल त्याच्याकडे निवांत बघत राहायच्या. तो बिचारा अवघडून जाई. शेवटी विचारत, "तुमच्या बहिणीला ठेवाल का हो हितं?" पुढचं उत्तर त्या ऐकतही नसत. उत्तर द्यायच्या आधी माणूस क्षणभर कुठं बघतो, तेवढंच त्यांना हवं असे.

त्या संशयी होत्या हे खरं आहे. त्यांच्या या रीतीनं चांगली माणसंही दुखावली जात. म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेला आमच्याच एका शिक्षिकेबरोबर गेल्या होत्या, तेव्हा प्रेमानं बोलावलेल्या यजमानीणबाईंच्या देखत त्यांनी दोनदा कडी लावून काढून बघितली. त्या माउलीनं रात्री वाढताना एक शब्द काढला नाही. मी हे बाईंना ऐकवलं तर म्हणाल्या, "रुसवा निघतो, सुमनताई. कडी नसली तर काय निघतं?"

त्यांचं खरं रूप मी पहिल्यांदा बघितलं ते माझ्याच गावात. सांगलीला खो-खोचे विभागीय सामने होते. मुलींबरोबर बाई निघाल्या आणि गाव माहितीचं म्हणून मलाही धाडलं. संयोजकांनी मुलींची सोय एका मंगल कार्यालयात केली होती. जागा झकास. फरशी, पंखे, मोठाले आरसे. मुली हरखून गेल्या आणि वळकट्या टाकून आरशापुढे उभ्याही राहिल्या. बाई दाराशीच थांबल्या. दाराला कडी होती, पण बाहेरून. आतून नुसती दोन भोकं.

"हे काय?"

संयोजकांपैकी एक तरुण हसून म्हणाला, "बाई, काळजी कशाला करता? आमची पोरं रात्रभर पहाऱ्याला असतात ना बाहेर."

"मग तर कडी पायजेच," बाई म्हणाल्या. "उचला गं वळकट्या."

भर दुपारी डोक्यावर वळकट्या घेऊन आमची वरात सांगलीच्या बाजारपेठेतून निघाली. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. माहेरची ओळखीची माणसं दुकानांतून बघत होती. बाई मात्र वर बघत चालल्या होत्या, माड्यांकडे. एका हळदीच्या वखारीच्या माडीवर एक म्हातारी सुपात काहीतरी निवडत बसली होती. बाई खाली उभ्या राहिल्या आणि गप्पा मारायला लागल्या. कुठल्या तुम्ही, नातवंडं किती, गुडघे दुखतात का. थोड्या वेळानं म्हातारी स्वतः जिना उतरून खाली आली.

"माडी मोकळीच हाय," ती म्हणाली. "पर पोरीस्नी हळदीत पाय घालू देऊ नगा, येवढंच बघा."

वखारीतून गेल्याशिवाय जिना नव्हता, आणि हळद तर हवेतच होती. सकाळी उठून बघतो तो सगळ्यांचे पांढरे फ्रॉक, मोजे, कानशिलं, सगळं पिवळं. मैदानात आमचा संघ उतरला तसा एकच गलका झाला. "नवऱ्या आल्या! नवऱ्या आल्या!" आमच्या मुली रडकुंडीला आल्या. बाईंनी सगळ्यांना गोल उभं केलं.

"हळद लागलेली पोरगी पळून गेली तर गावाला सापडत नाही," त्या म्हणाल्या. "आज तेवढंच दाखवायचं. पळा."

पळाल्या. अंतिम सामना थोडक्यात हरलो, पण गाडीत बसताना एकीचंही तोंड पडलेलं नव्हतं.

परतीच्या त्या प्रवासातच मी बाईंना विचारलं की हे कडीचं वेड लागलं कुठून. मुली पेंगत होत्या. बाईंनी आधी टाळलं. मग खिडकीबाहेर बघत सांगितलं.

नवरा गेल्यावर सासूनंच त्यांना मुंबईला शिवणाच्या डिप्लोमाला घातलं होतं. नवऱ्याच्या चुलतभावाकडे राहायचं ठरलं. एकच खोली. त्यात ते जोडपं, त्यांची पोरं आणि ह्या. झोपायला जागा दाराच्या आत, उंबऱ्याला लागून. पहाटे कामाला जाणारा आणि रात्री उशिरा येणारा, सगळे ह्यांना ओलांडून जाणार.

"माणसं वाईट नव्हती हो," बाई म्हणाल्या. "जाऊ तर लय चांगली. माझ्या ताटात आधी वाढायची. एक दिवस मी नळावर होते, तर ती शेजारणीशी बोलत होती. म्हणाली, खाती थोडं, पण जागा लय व्यापती." बाई हसल्या. "खरं होतं ते. मी ही अशी ताडमाड. झोपेत पाय कुठं दुमडू? दुसऱ्या दिवशी गाडीत बसले आणि घरी आले. डिप्लोमा राहिला तो राहिलाच."

बाईच पुढं म्हणाल्या, "मशीनला मी भ्याले नाही. परीक्षेला मी भ्याले नाही. माझं शिक्षण अडलं ते पाय पसरायला जागा नव्हती म्हणून. पोरींचं असंच अडतं, सुमनताई. त्यांना अक्कल कमी म्हणून नाही."

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या शाळेतल्या शेवंता आणि मंगल या दोन मुलींना मुंबईच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळातून नर्सिंगच्या शिक्षणासाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. अर्ज बाईंनीच भरायला लावले होते. मंगलचे वडील फौजेत, लांब कुठंतरी सरहद्दीवर. तिची आई म्हणाली, "शेवंता गेली तर माझीबी जाईल." म्हणजे सगळं शेवंताच्या बापावर, बापूंवर आलं. बापूंची वस्ती गावाबाहेर, ऊस चांगला, माणूस अबोल. आम्ही दोघी वस्तीवर गेलो.

बापू म्हणाले, "पोरगी हुशार हाय, त्ये मला ठावं हाय. पर बाई, म्हमईत उतरणार कुठं?"

बाईंचा प्रश्न पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी विचारला होता. त्या खूश झाल्या.

शेवंताचा मामा तिथंच बसला होता. तो म्हणाला, "आवं, आपल्या गावची खोली हाय की लालबागला. नाना कारभारी हाय तितं."

"गड्यांची खोली ती," बापू म्हणाले. "गिरणीतली डझनभर माणसं झोपत्यात. तितं माझी पोरगी जायाची न्हाई."

"न्हाई जाणार, शब्द देते," बाई म्हणाल्या. "मी आधी जाऊन जागा बघून येते, बापू. आणि रात्री तुमच्या पोरीच्या आणि दाराच्या मधी मी झोपणार. हाही माझा शब्द."

बापूंनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "दोन्ही शब्द ध्येनात ठेवा."

बाई खरोखर आधी मुंबईला जाऊन आल्या. स्टेशनाजवळच्या गल्ल्या पालथ्या घातल्या आणि एक लहानसं लॉज पसंत केलं. कडी, नळ, माणूस, तिन्ही पास. मॅनेजर वयस्क, बहिणीचं नाव काढल्यावर डोळ्यांत पाणी आलं म्हणे. त्यानं दिवस ठरवून दिला. आम्ही चौघी, बाई, मी आणि दोन मुली, मोठ्या भरवशानं मुंबईला उतरलो.

लॉजवर तो म्हातारा नव्हता. गल्ल्यावर एक तुकतुकीत केसांचा माणूस बसला होता. त्यानं आमच्या मागं कुणी आहे का ते बघितलं.

"पुरुष माणूस कुठंय?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग खोली नाही. बायका-बायकांना आम्ही देत नाही."

बाईंनी ठरलेलं सांगून बघितलं, म्हाताऱ्याचं नाव सांगून बघितलं. तो मान हलवत राहिला. आम्ही सामान उचललं. जवळच एक धर्मशाळा होती, तिथं गेलो. तिथले व्यवस्थापक सौम्य, कपाळाला गंध लावलेले. त्यांनी आमची नावं विचारली. माझं लिहिलं, मुलींची लिहिली, आणि बाईंनी आपलं नाव सांगितल्यावर त्यांचा टाक जागच्या जागी थांबला.

"तुम्हां तिघींची सोय होईल," ते मला म्हणाले. बाईंकडे त्यांना बघवेना. "मी काय करू? नियम आहे."

बाईंना राग आला असेल तर तो दिसला नाही. त्यांनी पदर सारखा केला. "तुमचं बरोबर आहे, दादा. सुमनताई, तुम्ही तिघी हितंच राहा. आमच्या मुसाफिरखान्यात मला जागा मिळंल. तिथं तुम्हांला घेणार नाहीत, हितं मला घेत नाहीत. हिशेब सरळ आहे. सकाळी इस्पितळाच्या फाटकाशी भेटू."

व्यवहाराला धरूनच होतं. मी मान डोलावणार, एवढ्यात शेवंता म्हणाली, "बाई न्हाईत तर मीबी न्हाई."

"वेडेपणा करू नको. उद्या मुलाखत आहे."

"तुमी बापूस्नी शबुद दिलाय. माझ्या आन् दाराच्या मधी तुमी झोपणार म्हनून."

बाई धर्मशाळेच्या पायरीवर बसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना गोंधळलेलं कधी बघितलं नव्हतं. दुपारचं ऊन, रस्त्यावर ट्रामचे जुने रूळ अजून कुठं कुठं दिसत होते, आणि आम्ही चौघी ट्रंका घेऊन त्या पायरीवर.

शेवटी बाई म्हणाल्या, "एकच जागा उरली. चौघींना एकत्र घेईल अशी. पण तिथं नेणार नाही असाही शब्द मी बापूंना दिलाय, तो मोडतो." त्या दोन्ही मुलींकडे वळल्या. "मी ठरवणार नाही. जायचंय तुम्हांला, नाव तुमचं होणार, बोल तुम्हांला लागणार. तुम्ही सांगा."

मंगलनं शेवंताकडे बघितलं. आजवर त्या मुलींना कुणी असं काही विचारलं नसावं. शेवंतानं आपली ट्रंक उचलली. मग म्हणाली, "नानाच्या खोलीवर जाऊ या. बापूस्नी मी सांगंन."

"सांगणार मी," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

लालबागच्या त्या चाळीत पोचलो तेव्हा रात्रपाळीची माणसं जमिनीवर ओळीनं झोपली होती. नाना, म्हणजे खोलीचे कारभारी, बनियनवर भाजी चिरत बसले होते. आम्हांला दारात बघून त्यांचा हात थांबला. बाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. नानांनी चाकू खाली ठेवला आणि झोपलेल्यांना पायानं ढोसलं.

"उठा रं! गावच्या लेकी आल्यात. उठा, अंगात काय तरी घाला!"

माणसं धडपडत उठली. वळकट्या गुंडाळल्या गेल्या, दोरीवरचे कपडे ओढले गेले, कुणीतरी बादलीनं फरशी धुवायला घेतली. आणि बाईंनी आपलं सुरू केलं. कडी लावून बघितली. नळ बघितला. मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या गिरणी कामगारांकडे निवांत बघत राहिल्या. एवढाले बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे उभे होते.

"दारू कोण पितं?"

मागं उभ्या असलेल्या एकाचा हात हळूहळू वर गेला.

"आज?"

"न्हाई बाई. तुमी हाय तंवर न्हाई."

बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. बहिणीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

नानांनी सगळ्यांना बाहेर काढलं. "खोली तुमची, बाई. आमी व्यायामशाळेच्या व्हरांड्यात पडतो. चार पावलांवर हाय, हाक मारली तर ऐकू येती." जाता जाता ते परत फिरले, थोडे अवघडून. कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीखाली कुणाची तरी ट्रंक होती, ती त्यांनी स्वतः सरकवून जागा केली. "तुमास्नी नमाज करायचा आसंल. मावळत ह्या अंगाला हाय."

बाईंनी त्या संध्याकाळी त्या जागेवर नमाज पढला. रात्री दाराला पाठ लावून आडव्या पडल्या आणि लगेच घोरायला लागल्या. बाई भयंकर घोरत. शेवंता अंधारात म्हणाली, "आता कोन येतंय आत?" आणि आम्ही तिघी तोंडात पदर कोंबून हसलो. सकाळी नळावर जाताना मी बघितलं, व्यायामशाळेच्या व्हरांड्यात नाना आणि सगळे गडी अंगाचं मुटकुळं करून झोपले होते.

शेवंताची निवड झाली. मंगलची झाली नाही. इस्पितळाच्या आवारात ती इतकी रडली की शेवंताला आनंद करता येईना. बाईंनी दोघींना जवळ घेतलं आणि मंगलला म्हणाल्या, "मुंबईत राहून दाखवलंस ना? आता कुठंही राहशील." तिला तेव्हा ते पटलं नाही.

रहिमतपूर स्टेशनावर उतरलो तशा बाई घरी न जाता थेट वस्तीवर निघाल्या. मी म्हणाले, निदान तोंड तरी धुवा. ऐकलं नाही. बापू उसाला पाणी देत होते. बाई बांधावर उभ्या राहिल्या आणि आधी निवड सांगितली नाही, आधी खोली सांगितली.

बापूंनी खोरं चिखलात रोवलं. "मी तुमच्यावर टाकली हुती पोरगी."

"व्हय."

"येक शबुद पाळला, येक मोडला."

"व्हय, बापू. दोन्ही पाळायची वाट न्हवती. असती तर मी चुकवली नसती."

"आन् उद्या गावात कोन काय बोललं तर?"

"गावात कुणी सांगायच्या आधी मी तुमास्नी सांगाय आले."

बापू पाठ फिरवून पाण्याच्या मागं निघून गेले. शेवंता बांधावर रडत उभी. प्यायला पाणीही न घेता आम्ही परत आलो. वाटेत बाई एवढंच म्हणाल्या, "त्यांच्या जागी मी असते तर मीबी पाणी दिलं नसतं."

रुजू व्हायचा दिवस जवळ येत चालला आणि वस्तीवरून काही निरोप नाही. शेवंता शाळेकडे फिरकेना. मग कळलं की बापू घरात नाहीत. कुठं गेले ते बायकोलाही सांगून गेले नव्हते. बाईंचं शिवणात लक्ष लागेना. मुलींनी उलटे शिवलेले खिसे त्यांनी तसेच पास केले, ही अघटित गोष्ट होती.

मग एका दुपारी, शिवणाचा तास चालू असताना, बापू वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. पटका, धोतर, हातात काठी. मशीनं एकेक करून थांबली. मी शेजारच्या वर्गातून बाहेर आले.

"म्हमईला गेलो हुतो," बापू म्हणाले. "नानाच्या खोलीवर चार रोज ऱ्हायलो."

बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी त्या काढल्या नाहीत.

"कडी लावून बघितली. घट्ट बसती. गड्यास्नी येकेकाला बाजूला घिऊन इचारलं. त्येंनी सांगितलं, तुमी दारू कोन पितं म्हनून इचारलं म्हनं." बापूंनी पटका सारखा केला. "ज्यानं हात वर केला हुता, त्यो माझ्या मावसभावाचा पोरगा. घरात आमच्यापुढं कवा कबूल झाला न्हाई. तुमच्यापुढं झाला."

"व्हरांड्यातबी झोपून बघितलं येक रात," बापू म्हणाले. "लय डास हायती वो तितं." मग काठी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "सोमवारी पोरीला जायाचं हाय. तिच्या ट्रंकेला कुलूप कसलं घ्यावं त्ये तुमी सांगा. मला त्यातलं कळत न्हाई."

बाईंनी टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. त्यांना तेवढा वेळ हवा होता. मग म्हणाल्या, "चला, बाजारात जाऊ. मीच बघून देते." आणि गळ्यात टेप तशीच ठेवून बापूंबरोबर निघाल्या.

शेवंता नर्स झाली. मंगलनं साताऱ्याला शिक्षिकेचा अभ्यासक्रम केला आणि कोरेगावजवळच्या एका शाळेत लागली. त्यानंतरच्या वर्षांत आमच्या शाळेतून कितीतरी मुली परीक्षांना, मुलाखतींना मोठ्या शहरांत गेल्या. सुरुवातीला बाई सोबत असत. नानांच्या खोलीत एका भिंतीशी पडदा बसला, तोही बाईंनीच शिवलेला. आता बाप स्वतःच शाळेत येत आणि शेवंताच्या बापूंचं नाव सांगून चौकशी करत. बापू अबोलच राहिले. पण कुणी विचारलं तर खोलीचा रस्ता असा सांगत, जणू जन्म तिथंच गेला.

सासू गेल्यावर बाई निवृत्त झाल्या आणि सांगलीला भावाकडे राहायला गेल्या. मधे बरीच वर्षं लोटली होती. मी माहेरी आले होते आणि परत निघायला स्टँडवर उभी होते, तर मुंबईच्या गाडीशी बाई. केस पांढरे झालेले, पण ताठ तशाच. भाची रुख्साना मुंबईला तंत्रनिकेतनात शिकायला निघाली होती. ती गाडीत चढली होती आणि एका जाडजूड माणसाशी खिडकीच्या जागेवरून वाद घालत होती.

"तुम्ही नाही जात सोबत?" मी विचारलं.

"मला म्हणाली, फुप्पी, तू येऊ नको. सगळं तिचं तिनं ठरवलं. मला नुसतं सांगितलं." बाईंनी गाडीच्या खिडकीकडे बघितलं. "लय राग आला. मग लय बरं वाटलं. आता दोन्ही एकदमच होतंय बघा."

गाडी हलली. वाद जिंकून रुख्साना खिडकीशी बसली होती, पण बाईंना हात करायचं ती विसरली. पुढच्या रस्त्याकडे बघत होती. बाई गाडी वळेपर्यंत बघत उभ्या राहिल्या. मग आम्ही चहा घेतला, भडंग खाल्लं, सगळ्यांची चौकशी झाली. माझी गाडी लागली तेव्हा बाई म्हणाल्या, "जा तुम्ही. मला कुठं घाई आहे!"

खिडकीतून मी मागं वळून बघितलं. स्टँडच्या फाटकातून एक अनोळखी म्हातारी दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन चालली होती. बाईंनी लांब टांगा टाकत तिला गाठलं, तिच्या हातातली एक पिशवी न विचारता आपल्याकडे घेतली, आणि दोघी उन्हातून काहीतरी बोलत, हसत, बाजाराच्या रस्त्याला लागल्या.